रकाना क्रमांक चार

वाणाचं नाव?
कर्सर लुकलुकतोय.
सायत्राबाई नन्नावरेनं पदराची गाठ सोडली,
टेबलावर वाल ओतले,
तपकिरी, मातकट, एक जांभळट,
प्रत्येकाच्या पोटाशी पांढरी रेघ.
"नाव काय रायते त्याले? आमचा वाल."

संगणकाला 'आमचा' चालत नाही.
तांबड्या अक्षरांत सांगतो: सामान्य शब्द, फेटाळला.
रकाना चार रिकामा ठेवून पुढं गेलो.

वेगळेपणा?
"पोपटाच्या आधी पंधरा दिस शेंगा. एका उकळीत शिजते."
एकसारखेपणा?
ती हसली.
"तीन पोरी हायेत मले. एक तरी दुसरीवानी हाये का?"
मी लिहिलं: अंशतः.
स्थिरता?
"सासूच्या सासूपासून. राखेत, तुंब्यात."
लिहिलं: होय.

मग एक रकाना यंदाच आलेला,
शेजारच्या देशांशी कायदे जुळवायचेत म्हणे:
सीमेपलीकडे या वाणाची लागवड आहे काय?
"कोनती सीमा?"
अर्जाला लावायच्या फोटोवर तिनं बोट ठेवलं.
तुराट्यांचं कुंपण, अलीकडं ती, पलीकडं गेडाम,
वेल दोन्हीकडं उतरलेला.
"फुलं इकडं, शेंगा तिकडं. हिसाब नाई ठेवला बाप्पा."

सोबत एक पत्र होतं, तिनं चौघडी करून आणलेलं.
दोन वर्षांमागं एक बाई मूठभर वाल घेऊन गेली,
चहा पिऊन, सही घेऊन.
मावा न लागू देणारा जनुक सापडला त्यात,
त्याचा क्रम नोंदला गेलाय, अर्जदार प्रयोगशाळा.
मी वाचून दाखवलं: दोन इंग्रजी अक्षरं, सात आकडे.
ती ऐकत राहिली, शेजारणीच्या नातवाचं बारशाचं नाव ऐकावं तशी.
"कोनत्या बाजूचा नेला व तिनं?
आमच्या का गेडामाच्या?"

मला ठाऊक नव्हतं.
पत्रातही नव्हतं.

चारला लाइन गेली. अर्ज अर्धा जतन झाला, की नाही, कोण जाणे.
तिनं वाल पुन्हा पदरात घेतले,
कीबोर्डखाली घरंगळलेले दोन तिथंच राहू दिले.
"लाव. उगवला का तुह्या घरीबी आमचाच म्हनशीन."

मी चिमूर रोडला भाड्यानं राहतो.
कुंपण घरमालकाचं आहे.