सूपाच्या कारखान्यातल्या वह्या

आमच्याकडे सूपाच्या पुड्या होत.
कांदा, गाजर, अजमोद्याची पानं
गोठवायची, पोलादी पिंपात रचायची,
दाराचं चाक आवळायचं
आणि पंपाला म्हणायचं : ओढ.

मग साझावा नदी गावात शिरली.
तिसऱ्या दिवशी ट्रकमधून वह्या आल्या,
चर्चच्या तळघरातल्या, जन्मांच्या, लग्नांच्या, मृत्यूंच्या,
मटाराच्या शीतगृहात गोठून विटा झालेल्या.
लुडमिला हाव्रांकोवा, दफ्तरखान्यातली बाई, म्हणाली,
"झ्बिन्येक, कांदाच समज.
फक्त हा कांदा पुन्हा पिकत नाही."
मी ट्रे तीनदा धुतले.
वास राहिलाच.

काटा डावीकडे, आणखी डावीकडे,
शून्याच्या इतका जवळ
की मध्ये नख मावलं नसतं.
हवाच काढून घेतली
की बर्फाला वितळायची मुभा उरत नाही.
तो थेट वाफ होतो,
पाणी व्हायचं राहूनच जातं,
म्हणून शाई पसरत नाही.
बावीस वर्षं मला हे माहीत होतं,
पण गाजराला शाई नसते.

अकरा रात्री.
पंपाचं तेल दुधासारखं झालं, दोनदा बदललं.
लुडमिला बाकावर कोट पांघरून झोपायची,
आणि पंपाचा सूर जरा हलला
की माझ्याआधी उठायची.
म्हातारा ओताकार रोज फाटकाशी.
त्याची बहीण, चव्वेचाळीस सालची,
तीन दिवस जगली.
फोटो नाही, थडगं नाही,
एका वहीतली एक ओळ.
"कुठल्या वहीत?"
"हिरव्या पाठीच्या."
सगळ्याच पाठी आता चिखलाच्या होत्या.

बाराव्या दिवशी सकाळी झडप उघडली.
पिंपानं श्वास घेतला, असा,
की खिडकीची काच थरथरली.
वह्या हलक्या निघाल्या, वाकड्यातिकड्या,
गाळाची भुकटी ब्रशनं झाडावी आणि पान सुटावं.
ओळ सापडली दुपारी.
नाव होतं, नावाचा शेवट नव्हता.
अनेश्‌... आणि पुढे निळसर डाग.
"हे आधीच गेलेलं, नदीत असतानाच,
यंत्राचा दोष नाही," लुडमिला म्हणाली.
दोनदा म्हणाली.
ओताकारनं वही नाकाशी धरली.
"कांदा," म्हणाला,
आणि डोळे पुसायला त्याला निमित्त मिळालं.

मागच्या कप्प्यात, उणे पन्नासाच्या नळ्यांवर,
वह्यांतून निघालेलं सगळं पाणी
पांढरं, जाड होऊन बसलं होतं.
वितळवलं. चार बादल्या.
कांद्याचं असतं तर गटारात गेलं असतं.
ह्या बादल्या घेऊन मी नदीपर्यंत गेलो खरा,
तिचंच पाणी, तिला परत द्यायचं,
पण हात होईना.

अजून पंपाच्या खोलीत आहेत, झाकून.
तेल बघायला गेलो की झाकण काढून बघतो.
स्वच्छ पाणी. तळ दिसतो.
गाळ नाही, शाई नाही,
नावालासुद्धा काही नाही त्यात.