सातची बस

सामना चारला, असं फलकावर लिहिलं होतं.
चारला मैदानात दोन म्हशी होत्या
आणि चुना ओढणारा एक पोरगा,
तोही एका बाजूची डी काढून चहाला गेला.
प्रमुख पाहुणे पाचनंतर आले.
बावीस जणांशी हात मिळवले, रेफरीशी दोनदा,
मग खिलाडूवृत्तीवर बोलले.
मी घड्याळ बघत होतो.
असोळण्याहून कुंकळ्ळीला शेवटची बस सातला,
आणि गेल्या आठ वर्षांत
मी एकही अंतिम सामना अंतापर्यंत पाहिलेला नाही.
निकाल मला दुसऱ्या दिवशी कळतो
सोसायटीच्या खिडकीत, कुणाच्या तरी पासबुकासोबत.

कापलेल्या शेतात बसायची जागा म्हणजे बांध.
तोंड पश्चिमेला, ऊन थेट डोळ्यांत,
उजव्या विंगवर जे घडतं ते श्रद्धेनं मानायचं.
पुढे छत्रीवाला. शेजारी मिंगेल,
ज्याचा पुतण्या पोर्तुगालात आहे
म्हणून याला ऑफसाइड जास्त कळतो.
मागे एक जण, नाव माहीत नाही,
"पास दे रे, पास दे!"
आणि पास दिला की, "मार ना, पास कशाला?"

हे चालतं. सवय झाली.
पण शिवी देता येत नाही, त्याचं काय करायचं?

नऊ नंबर, आग्नेल, आमचा.
(मी कुंकळ्ळीचा खरा, पण चेंडू लाथाडला की
माणूस कुठलाही होऊ शकतो.)
जानेवारीपासून गोल नाही.
एकदा रिकाम्या जाळीसमोर पाय असा झाडला
की बूट आत गेला, चेंडू बाहेर.
आणि दोन हातांवर त्याची आई बसलेली, पिएदाद,
टोपलीत चणे घेऊन.
दहा रुपयांचे तिच्याकडूनच घेतलेले असतात,
तोंडात आलेलं त्यांच्याबरोबर गिळतो.
तर तीच उठते.
आधी त्याच्या पायांचा, मग बुटांचा,
मग त्या बुटांना जहाजावरून पैसे धाडणाऱ्या बापाचा
असा उद्धार करते
की माझी शिवी लाजून पुन्हा घशात जाऊन बसते.

सातला एक मिनिट कमी. शून्य-शून्य.
चेंडू आता राखाडी,
दिसतो कमी, ऐकू येतो जास्त.
रस्त्यावर कंडक्टरनं शिट्टी मारली.
त्यांचे दोन बचाववाले रेफरीची समजून थांबले,
आणि तेवढ्यात चर्चची आमोरीची घंटा.
बांध उभा राहिला. टोप्या उतरल्या, डोळे मिटले.
मिंगेल गप्प. मागचा गप्प.
छत्रीसुद्धा मिटली.
आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर काही आडवं नव्हतं.

आग्नेल निघाला,
एकाला टाकून, दुसऱ्याच्या कुशीतून,
आणि मग डावा पाय,
जो त्यानं आजवर फक्त उभं राहायला वापरला होता.
जाळी हलली.
मला ओरडता येईना, प्रार्थना चालू होती.
पलीकडे, अंधारात, लाइन्समनचं निशाण वर.

क्रूसाची खूण करून पिएदादनं डोळे उघडले.
पोरगा हात पसरून पळत होता.
"कितें जालें?"
"गोल."
"तुवें पळयलो?"
"पळयलो."
"खंयच्या पांयान?"
"दाव्या."
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, त्याचा बाप डावखुरा आहे,
आणि मूठभर चणे माझ्या हातात ओतले, पैसे न मागता.
निशाणाचं तिला मिंगेल सांगेल.
त्याला ऑफसाइड कळतो.

बस गेली होती.
मग जादा वेळ झाला, मग पेनल्ट्या,
आणि मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत थांबलो,
अशा काळोखात
की कोण मारतंय, कोण अडवतंय, कोण नाचतंय
काही दिसेना.
पाच किलोमीटर चाललो, खिशात चणे.
निकाल सकाळी कळला,
खिडकीत.