पहिला मंगळवार

डंडी गावात, बूटदुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली.
आडवं व्हायला कोच असेल, वाटलं होतं.
दोन खुर्च्याच निघाल्या,
आणि त्यातली माझी कुठली, कुणी सांगेना.

पन्नास मिनिटांचे पन्नास पौंड,
फोनवरच ठरलेले.
चार तर पायपुसण्यावरच गेले.

इशबेल म्हणाली, इथलं इथंच राहील,
कुणाच्या जिवावर बेतणार असेल तेवढं सोडून.
मी मान हलवली.
मग ती गप्प. मीही.

तीस वर्षं छपरं शाकारतोय, पाटीच्या दगडाची;
नजर आपोआप वर जाते.
कोपऱ्यात ओल होती, सांडलेल्या चहासारखी.

म्हटलं, बाई, ठिबकतं तिथून पाणी शिरत नसतं.
शिरतं भलतीकडेच,
तुळईवरून सरकत येतं.
"मग शोधता कसं?"
वर चढून. कोरड्या दिवशी.

त्या दिवशी कोरडं नव्हतं.
तरी धाकट्या रुअरीला मीच

घड्याळ तिच्या पाठीमागे होतं, मला दिसेल असं.
सहा मिनिटं उरलेली.
ती त्यांतलं एकही बोलली नाही.

निघताना नोटा दोनदा मोजल्या.
पुढच्या मंगळवारी शिडी आणतो, म्हटलं.
हसेल वाटलं होतं.
"आणा," म्हणाली.