दमट

शारजात, ऑगस्टात, फजरच्या अजानीआधी
एक म्हातारे गृहस्थ खाडीकाठच्या फरशीवर पाण्याने लिहितात.
बादली, आणि दांड्याला स्पंज बांधून केलेला कुंचला.
आडनाव बाई. मला हसू आलं:
माझा हात धरून ‘ग’ गिरवून घेणाऱ्याही बाईच होत्या.

रोज एकच अक्षर. आठ फटकारे.
हजारभर वर्षं सगळ्यांचा हात म्हणे
ह्याच्यावरच बसत आला.
अर्थ विचारला. म्हणाले, “कायम.”

लान्चौला शेवटच्या फटकाऱ्याआधी पहिला वाळायचा.
इथे हवाच घामेजलेली,
अक्षर जाता जात नाही.
बाई कुंचला खांद्याला लावून उभे,
चष्मा पुसत, जरा वैतागून,
फरशी कोरी व्हायची वाट बघत.

माझी रात्रपाळी संपली होती.
मी वळसा घालून गेलो.