मधला बांध

चव्वेचाळिसाव्या वर्षी भाच्याचे जुने बूट घालून,
पुढे कापूस कोंबून,
गोडोलीच्या तळ्यापासून मी सुटले
ती कुणी मागे लागल्यासारखी.
मागे एक कुत्रं होतं.
तेही कंटाळून बसलं.

आठवडाभर रोज तेवढंच, तेवढ्याच जोरात.
मग एका दुपारी ऑफिसचा जिना उतरताना
उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली खडा लागला,
तांदूळ निवडताना राहून गेल्यासारखा.

माझं खातं मोजणीचं, भूमी अभिलेख.
आमच्याकडे नकलेला पैसे पडतात, सल्ला फुकट.
शिपाई फडतरे म्हणाले, वंगण संपलंय, ताई.
साहेब म्हणाले, या वयात चालावं माणसानं.
आईनं फोनवर तिळाचं तेल सांगितलं
आणि वर विचारलं,
तुला पळायला लावलंय कुणी?

तिला कसं सांगू,
की कोरेगावकडच्या एका शिवारात
बांधाच्या दोन बाजूंना दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे होते,
मी मध्ये, हातात नकाशा,
आणि पळायची वेळ आली तेव्हा
पन्नास पावलांत मी ढेकळांत बसले.
भांडण तिथंच थांबलं.
दोघांनी एकाच तांब्यातून मला पाणी पाजलं.
पाण्यापेक्षा ते जास्त लागलं.

सदर बाजारातली रेश्मा मुलाणी तिशीचीही नसेल.
गुडघ्याला तिनं हातसुद्धा लावला नाही आधी.
एका पायावर उभ्या राहा, म्हणाली.
राहिले.
कंबर एकीकडे कलली, गुडघा आत वळला,
भिंतीवरच्या आरशानं सगळं पाहिलं.
गुडघ्याचा काही गुन्हा नाही हो, ती म्हणाली.
वरची मांडी आळशी, खालची पोटरी ताठ,
मधला बिचारा दोघांचं सोसतोय.
म्हटलं, कळलं. बांध.
म्हणजे?
म्हणजे दोन्हीकडून नांगर लागतो तो.

आता चहा उकळेपर्यंत मी एका पायावर.
समोरच्या गॅलरीतून सावंतीण बघते,
नवस केलाय का, म्हणून विचारून झालं.
बूट नवे, माझ्या मापाचे, पगारातून.
एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं,
एक दिवस पळायचं, एक दिवस पाय सोडून बसायचं,
पाऊल लांब फेकायचं नाही, आपल्याच खाली टाकायचं.
जन्मभर साखळी ताणून धरलेल्या बाईला
हे आखूडपण जड गेलं.
आणि पळताना बोलता आलं पाहिजे, ही अट.
बोलू कुणाशी पहाटे साडेपाचला?
म्हणून जुन्या उताऱ्यांवरची नावं म्हणते,
दगडू मारुती, सोनाबाई भ्रतार गेनू,
सामाईक, सामाईक, पोटखराबा.
नाव अर्धं तुटलं की वेग जास्त झाला समजायचं.

काल यवतेश्वरच्या घाटाला गेले.
समर्थ मंदिर मागे पडलं, थंडी कानात शिरली.
चढ माझा दम मागत होता. दिला.
दम उसना असतो, वळणावर परत मिळतो.
उतार मात्र गुडघा मागतो, आणि तोंड गोड करून मागतो,
चल, सोड स्वतःला, काही करावं लागत नाही.
कॉलेजची पोरं धडाधड खाली गेली.
काकू, या की!
व्हा पुढं, म्हटलं.
मी चालत उतरले.
खाली सातारा धुक्यात, दिवे अजून न विझलेले,
अजिंक्यताऱ्याचा कडा तेवढा वर.
गुडघा माझ्याबरोबर होता आणि गप्प होता.

तिसऱ्या वळणावर पांढरा रंग फासलेला एक दगड आहे.
सध्या माझी हद्द तिथवर.
वीस वर्षं पाहतेय, हद्दीचे दगड रात्रीत सरकतात,
सकाळी कुणालाच काही माहीत नसतं.
मी माझा सरकवीन
पुढच्या रविवारी, उजेडात,
दहाच पावलं,
मांडीला विचारून,
पोटरीला विचारून.