नग एक, दुनळी, जुनी

बॅलार्ड इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांचा माल सोडवतोय,
बॉलबेअरिंग, ओटचं पीठ,
एकदा एका सर्कशीचा तंबू.
बंदूक पहिल्यांदाच.

मृणालिनीबाई तळपदे, वय एक्याऐंशी, राहणार ठाकूरद्वार.
पर्समधून त्यांनी भावाचं पत्र काढलं, लेस्टरहून,
भाऊ गेल्यावर पोचलेलं:
पपांची दुनळी तुला. तेल देत राहा.
बासष्ट साली बोटीने गेलेली
बोटीनेच परत आली होती.

किंमत?
तिकडच्या लिलाववाल्याने लिहिलेली चारशे पौंड,
डाव्या नळीत खड्डे, दस्त्याला चीर.
म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार.
मग मी मांडत गेलो.
तिथला निर्यात परवाना. लाकडी पेटी, विमा.
जहाजाचं भाडं, त्यात बंदुकीला वेगळा दर,
का, तर ती बंदूक.
इथली जकात. जकातीवर अधिभार.
दोन्हींच्या बेरजेवर पुन्हा कर,
व्यालेल्या म्हशीचं पारडूही गाभण निघावं तसा.
वारस दाखला, त्यासाठी वकील, वकिलासाठी टॅक्सी.
पोलीस आयुक्तालयात अकरा खेपा,
तिथे पैसे नाहीत लागले, फक्त गुडघे.

आणि बंदरात पेटी पडून राहते
तिचं रोजचं भाडं.
रविवारीही चालू असतं, बाई.

पपा रविवारीच जायचे, त्या म्हणाल्या.

तपासणीच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली,
पलीकडे रिक्षा, मग शेड.
अधिकारी पोरगेलासा, चाळवे नावाचा.
हातमोजे घालून त्याने नंबर जुळवला,
नळ्यांत बॅटरी मारली,
खटका सरकवून बंदूक दुमडली, मिटली.
टक्.
बाईंनी डोळे झाकले.
पुन्हा कराल?
त्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा केलं.
रविवारी संध्याकाळी जिन्यात हा आवाज यायचा, त्या म्हणाल्या,
की आई कांदे चिरायला घ्यायची.

बाहेर कंटेनरांच्या चवडीपुढे थांबल्या.
कुठेशी होतं हो ते खाजण?
होडी लागायची, मग मांडीभर चिखल,
पाणलावे उठायचे म्हणे पायाखालून.
मी म्हटलं, इथेच.
उभे आहोत ना आपण, तिथे.

मला कसं ठाऊक, ते नाही सांगितलं.
माझा आजा पोशा घरत
चार आण्याला एक या दराने
पडलेला पक्षी चिखलातून आणून द्यायचा
मुंबईच्या साहेबलोकांना.
कोण साहेब, त्याने विचारलं नसावं.
एक छर्रा त्याच्या पोटरीत राहिला.
मरेपर्यंत आम्हा पोरांना
तो कातडीखाली बोटाने हलवून दाखवायचा
आणि आम्ही पाळीपाळीने हात लावायचो.
त्यावर जकात नव्हती.
भरपाईही नव्हती.

आजवर किती झाले?
दोन लाख ब्याऐंशी हजार.
नाही सोडवली तर?
सरकारजमा. पुढे कधीतरी वितळवतात.

परतीच्या लाँचमध्ये त्या बराच वेळ गप्प.
बुचर आयलंड मागे पडल्यावर विचारलं,
पाणलावे येतात का अजून?
येतात. यार्डाच्या भिंतीपल्याड नाल्याचं पाणी साचतं तिथे,
थंडीत, पार सैबेरियातून,
ना परवाना, ना पावती.
मला वाटलं हसतील.

बंदुकीला तेल कुठलं देतात, हो?

मला काय कळतंय त्यातलं.
शिवणयंत्राचं चालेल, म्हटलं,
आणि फायलीवर उद्याची तारीख टाकली.