छत्तीस चौकटी

बरबँकला, विमानतळाच्या कुंपणाला लागून
आमची पत्र्याची बराक. एसी फक्त पियानोसाठी.
नवरा पलीकडे विमानांचे स्क्रू मोजायचा,
मी इकडे सूर उतरवून काढायची,
पातळ कागदावर, काळ्या शाईत,
व्हायोलिनला व्हायोलिनचे, कोरसला कोरसचे.
पानामागे सव्वा डॉलर.

त्या सिनेमात एक पाणमांजर होतं.
बांध फुटल्यावर ते दगडावर बसून गातं,
तिसऱ्या ओळीच्या टोकाला एकच शब्द, होम.
आमच्याकडे होमात तूप घालतात,
असं मी एकदा ॲडेलला सांगितलं.
ती म्हणाली, इथे हप्ते घालतात.

शब्द ॲडेल क्रान्झचे, चाल मॉरिस टेलेगनची.
ती पेन्सिल चावायची, तो नखं.
दोघांचा छत्तीसचा आकडा,
तरी दुपारपर्यंत कडवं तयार.

मग वरून निरोप आला:
होम फार झालंय, जो तो होमच गातोय. बदला.

आणि खालून ह्यूबर्ट आला, हातात गठ्ठा घेऊन.
कच्च्या टेपवरून काढलेल्या छत्तीस चौकटी. दीड सेकंद.
पाणमांजराचे ओठ गोल होतात, गोलच राहतात,
शेवटच्या चारांत मिटतात.
त्या एका ओ-वर त्याच्या अकरा रात्री गेल्या होत्या.
तो ओरडला नाही. गठ्ठा पियानोवर ठेवून म्हणाला,
काय हवं ते गा,
पण तोंड हे आहे.

तोंड आधी, शब्द मागून.
ॲडेलने भिंतीवर खडूने यादी केली,
फोम. डोम. क्रोम. कंगव्याचा कोम.
मॉरिस एकेक शब्द आरशात बघून गायचा,
मिशीसकट अगदी पाणमांजर.
सातच्या सुमारास, सँडविचं वाळल्यावर,
ती हळूच म्हणाली, रोम.
म्हणजे भटकणं.
माझे रोम खरोखर उभे राहिले
आणि त्यातली गंमत सांगायला तिथे कुणी नव्हतं.

घरी जायचं गाणं भटकायचं झालं.
चाल तीच, ओठ तेच,
एका व्यंजनावर पाणमांजर उंबऱ्याबाहेर.

रात्रभर मी ब्लेडने होम खरवडत बसले.
शाई निघते, पण कागद तिथे केसाळ होतो,
नवा शब्द थोडा फुटतो.
कोरसच्या चोवीस प्रती. पहाटे मोजल्या. चोवीस.

सहा टेक विमानांनी खाल्ले.
सातवा स्वच्छ. लाल दिवा विझला, टाळ्या झाल्या,
मी स्टँडवरची पानं गोळा करत गेले.
मागची रांग, ऑल्टो, बर्निस:
कागद गुळगुळीत. होम.
बर्निस लिहिलेलंच गायची, आयुष्यभर.
तिने पर्स उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि पार्किंगकडे निघून गेली.
ते पान मी पोळ्यांच्या डब्यात घडी घालून नेलं.

पुढे ते गाणं लिफ्टमध्ये वाजलं, लग्नांत वाजलं,
मॉरिसच्या अंत्यविधीलाही वाजलं.
कुणाला काही ऐकू आलं नाही.

परवा दातांच्या डॉक्टरकडे लागलं होतं.
मी आडवी, तोंडाचा ओ करून,
नळी गुरगुरतेय, तिसरी ओळ जवळ येतेय,
तेवीस जणी भटकायला निघाल्यात,
मी मागच्या रांगेकडे कान लावते,
आणि नेमकं तिथेच डॉक्टर म्हणतो,
मिटा आता.